मदत हवी आहे: आत्याला 'लाईट', 'रेडियम' आणि 'रेडियन्स' वेगळे आहेत हे कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, नंबरप्लेट आणि रेडियम कटिंगचं छोटं दुकान आहे. आत्याचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता लाईट, म्हणजे रेडिएशनचे किरण, देताहेत. पंधरापैकी सहा सिटिंग झाली.

तिच्या फाईलवर 'रेडिएशन', सुनेनं आणलेल्या फेस क्रीमवर 'रेडियन्स', माझ्या पाटीवर 'रेडियम'. आत्याच्या लेखी सगळं एकच. क्रीम तिनं टाकून दिलं आणि तान्ह्या नातवाला जवळ घेईना.

डॉक्टर म्हणाले, किरण बाहेरच्या मशीनमधून येतात, मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही, बाळाला खुशाल घ्या. मी म्हटलं, बल्बसारखं समज. तर म्हणते, "तुझं रेडियम बल्ब विझल्यावरच चमकतंय की ओ!" मग रात्री बोळात नेऊन गाडीची पाटी दाखवली. बॅटरी मारली की लख्ख, बंद केली की काळोख. आमच्या 'रेडियम'मध्ये रेडियमचा कणसुद्धा नसतो. बारीक काचेचे मणी असतात, उजेड आला तिकडंच परत पाठवतात. हे तिला पटलं. नातवाला घेणारच होती.

तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर वाचून दाखवलं: 1930च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-राडिया' नावाचं क्रीम खरोखरच रेडियम आणि थोरियम घालून विकत होते. क्युरी पतीपत्नींनी 1898 मध्ये रेडियम शोधल्यावर लोकांना त्या चमकेचं भलतंच वेड लागलं होतं म्हणे. झालं! आता टीव्हीच्या खोक्यावरच्या 'निट्स'चाही तिला संशय. तो नुसता पडद्याच्या उजेडाचा हिशोब, चौरस मीटरला एक कँडेला म्हणजे एक निट. ऐकतंय कोण?

क्रीमवरच्या शब्दाला मी 'तुकतुकी' म्हणून पाहिलं, 'कांती' म्हणून पाहिलं. तुमच्याकडं याहून सोपा, घरातला शब्द आहे का? लाईट दिलेल्या जागी आम्ही विचारल्याशिवाय काहीच लावत नाही, भांडण फक्त तोंडाच्या क्रीमचं आहे.

आणखी एक. उन्हामुळं घाम इतका येतो की किरण कुठं द्यायचे त्यासाठी छातीवर केलेल्या शाईच्या खुणा फिकट होताहेत. पुन्हा गिरवायच्या नाहीत, तिथंच सांगायचं, हे माहीत आहे. पण ज्यांच्या घरी उन्हाळ्यात लाईट झाली त्यांनी कपडे कसले वापरले?

क्रीम नाही लावलं तरी चालेल. तिनं बाळाला घ्यावं, तेवढं काहीतरी सुचवा.