अनुभव धागा : शाळेचं संमेलन आणि सांस्कृतिक सहल, बारा ते पंधरा वयाच्या मुलांसोबत

सातवी ते नववीच्या मुलांचं संमेलन किंवा त्यांची संग्रहालय, जुनी वास्तू, नाट्यप्रयोग अशी एखादी सहल ज्यांनी मार्गी लावली आहे, त्यांच्यासाठी हा धागा. ‘मुलांनी धमाल केली’ एवढ्याने पुढच्या माणसाचं काम भागत नाही. क्रम, आकडे, काय बिघडतं आणि का, ते लिहा. (खाली प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सुरुवात वेळेच्या हिशेबाने करतो. १८ कार्यक्रम, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे दीड तास, असा हिशेब सगळीकडे मांडला जातो आणि सगळीकडे फसतो. मुलं विंगेतून येणं, माइक लावणं, टाळ्या, बाहेर जाणं याला प्रत्येक कार्यक्रमामागे किमान २ मिनिटं जातात. तिथेच ३६ मिनिटं वाढली. नेपथ्य असलेलं नाटक मध्ये आलं की ती २ ची ५ होतात. भाषणं, बक्षिसं वेगळीच. म्हणून कागदावर दीड तास दिसला की सभागृह अडीच तासांसाठी मागा. रंगीत तालमीत कार्यक्रम पुरते करून घेतले नाहीत तरी चालेल, पण सगळ्यांचं येणं-जाणं घड्याळ लावून एकदा करून घ्याच.

पडद्यामागे :
क्रम ठरवताना चौकटींचा तक्ता करा : उभ्या रांगेत मुलांची नावं, आडव्या रांगेत कार्यक्रम, सहभाग असेल तिथे फुली. एकाच मुलाच्या दोन फुल्यांमध्ये किमान दोन कार्यक्रमांचं अंतर हवं. ते जमत नसेल तर दुसरा पोशाख पहिल्याच्या आतून घालायचा, आणि त्याला बटणांऐवजी वेल्क्रो लावायचा. मोठ्या नाटकाच्या आधी आणि नंतर पडद्यापुढे होणारं काहीतरी ठेवा : एकपात्री, काव्यवाचन, वाद्यवादन. मागे नेपथ्य हलतंय हे कोणाला कळतही नाही. हे काम निवेदकांवर टाकू नका. तेरा वर्षांचा निवेदक तीन मिनिटं ओढून धरू शकत नाही, आणि धरलीच तर ती विनोदांनी भरतो, जे कोणी आधी वाचलेले नसतात.

वस्तूंसाठी विंगेत एक टेबल, त्यावर जाड कागद, कागदावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आणि नाव. तलवारीची जागा रिकामी दिसली की प्रवेशाआधीच कळतं.

ध्वनीवाला :
माइकने शिट्टी मारली की सगळे मिक्सरवरच्या माणसाकडे बघतात. कारण बहुतेक वेळा जागेत असतं. स्पीकर माइकच्या मागे किंवा शेजारी असले की त्यांचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि चक्र सुरू होतं. स्पीकर रंगमंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. दुसरं कारण मुलांचा हात. आवडत्या गायकासारखं जाळीभोवती मूठ आवळली की एका दिशेने ऐकणारा माइक चहूकडून ऐकायला लागतो. दांडा धरायला शिकवा, तोंडापासून चार बोटं अंतर. अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने पडते, मग मिक्सरवर वाढवावी लागते, मग शिट्टी. नको असलेले माइक बंद ठेवा, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न होता आवाज वाढवायची सुमारे ३ डेसिबलची मोकळीक जाते.

समूहनृत्यात मागची रांग तालाबाहेर जाते तेव्हा मुलांना बोलणी बसतात. दोष त्यांचा नसतो. स्पीकरच्या मागे उभं राहिलं की फक्त ढब्‌ढब्‌ ऐकू येतं, शब्द आणि तीव्र स्वर पुढे निघून जातात. एक छोटा स्पीकर विंगेतून आत तोंड करून लावा. एक स्पीकर वायरने आणि दुसरा ब्लूटूथने असं मात्र कधीही करू नका. ब्लूटूथचा आवाज बऱ्याचदा एक ते दोन दशांश सेकंद मागे पडतो आणि अर्धी मुलं एका ठेक्यावर, अर्धी दुसऱ्या ठेक्यावर नाचतात.

ट्रॅक फोनवरून वाजवायचाच असेल तर एअरप्लेन मोड. फाइलींची नावं क्रमांकाने, ‘०७_समूहनृत्य’ अशी, आणि दोन पेनड्राइव्हवर. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ या तिघांतलं कुठलं, हा प्रश्न पडदा उघडल्यावर सोडवायचा नसतो.

सूर :
या वयातल्या समूहगानाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा तो साधारण एक सप्तक खाली येतो, मुलींचाही थोडा उतरतो. मधल्या महिन्यांत मुलाला हक्काचे पाच-सहा सूरच मिळतात. गेल्या वर्षीचा तयार ट्रॅक त्याच पट्टीत लावला की मुलं एक तर किंचाळतात किंवा नुसते ओठ हलवतात. उपाय : तालमीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाचा सर्वात खालचा आणि वरचा आरामाचा सूर पेटीवर बघून लिहून ठेवा, मग पट्टी ठरवा. आवाज फुटलेल्या मुलांना ध्रुवपदाखाली एक-दोन सुरांचा आधार द्या. संमेलनाच्या आठवड्यात हे पुन्हा तपासा, कारण दोन महिन्यांत चित्र बदलतं. ‘तू फक्त उभा राहा’ असं कोणालाही सांगू नका, ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

पडद्यामागे :
दिव्यांचं राहिलं. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. गुंडाळी न सोडता एक्स्टेन्शन वापरली की आतली वायर तापते, कारण उष्णता बाहेर पडायला जागा नसते. पूर्ण उलगडा, वाटेत असेल तर जमिनीला चिकटपट्टीने बसवा. हॅलोजनपासून पडदा आणि कागदी सजावट किमान मीटरभर लांब.

वाटाड्या :
सहलीकडे वळू या. मोजणी बसमध्ये चढल्यावर करतात, ती चढताना दारात करायला हवी. चढल्यावर मुलं वाकतात, जागा बदलतात, आकडा दर वेळी वेगळा येतो. प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या आणि उतरताना, फाटकातून आत जाताना, खाण्याआधी, परत चढताना त्यांनी तो ओळीने म्हणायचा. ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला चाळीस मुलं नेहमीच ‘हो’ म्हणतात. १०-१२ मुलांमागे एक मोठा माणूस, आणि एक जण कुठल्याच गटाचा नसलेला : आजारी मुलाजवळ थांबायला, तिकिटांच्या रांगेत उभं राहायला.

वेळ खातात ती स्वच्छतागृहं. ४५ मुलं, ३ जागा, प्रत्येकी २ मिनिटं : अर्धा तास. म्हणून पोहोचल्याबरोबर निम्मी मुलं तिकडे आणि निम्मी बाहेरचा आराखडा बघायला, मग अदलाबदल.

बस लागणाऱ्या मुलांची नावं आदल्या आठवड्यात विचारा. डोळ्यांना पुस्तक स्थिर दिसतं आणि आतल्या कानाला हालचाल जाणवते, या विसंगतीने मळमळ होते. त्यांना पुढची जागा, नजर दूर रस्त्यावर, फोन बंद, पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. गोळी असेल तर पालकांच्या लेखी संमतीनेच, आणि बस सुटायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो.

दालन :
संग्रहालयात सगळं दाखवायचा मोह टाळा. बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लिहून ठेवलंय : वाकून, मान वळवून बघण्यातच प्रेक्षक दमतो. आठवीच्या गटासाठी ६ वस्तू पुरेत, प्रत्येकीला ८ ते १० मिनिटं, एका वस्तूभोवती पंधराहून जास्त मुलं नकोत. मागच्यांना दिसलं नाही की तिथूनच गोंगाट सुरू होतो. आदल्या दिवशी वर्गात नकाशा, खाण्याची जागा, परतीची वेळ सांगून टाका. जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं : जागा अगदीच नवखी असेल तर मुलांचं लक्ष विषयापेक्षा जागा समजून घेण्यात जातं.

फ्लॅश बंद, आणि दालन अंधारं का हेही सांगा. कापड आणि कागदावरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) ठेवतात, कारण रंग उडाला की परत येत नाही. आत गेल्यावर डोळे सरावायला दोनेक मिनिटं द्या.

वाटाड्या :
@दालन, सहाच वस्तू पटलं, पण हातात कार्यपत्रिका दिली की मुलं वस्तूकडे न बघता पाटी उतरवून काढतात.

दालन :
प्रश्न पाटीवर उत्तर सापडेल असे असले तर तसंच होणार. ‘ही कुठल्या काळातली?’ ऐवजी ‘झीज कुठल्या बाजूला जास्त आहे, आणि का असेल?’ तीन प्रश्न, एक रेखाटन. पेन्सिलच, शाईचं पेन बरीच संग्रहालयं आत नेऊ देत नाहीत. लिहायला कागदाखाली जाड पुठ्ठा द्या, नाहीतर काचेच्या पेटीवर कागद ठेवून लिहितात.

सूर :
नाटकाला नेत असाल तर मध्यंतर आहे का आणि किती मिनिटांचं, हे आधी विचारा. आसनांची ओळ ठरवताना दर सहा-सात मुलांनंतर एक शिक्षक, सगळे शिक्षक शेवटच्या ओळीत एकत्र नकोत.

पडद्यामागे :
सजावटीत फुगे असतील तर एक सूचना. उडणारे हवे असतील तर हीलियमच, आणि भरणाऱ्याला सिलिंडरमध्ये काय आहे ते स्पष्ट विचारा. हायड्रोजन स्वस्त पडतो म्हणून वापरला जातो, आणि ठिणगीने पेटतो. शंका असेल तर साधी हवा भरून दोऱ्याला बांधा.