मदत हवी आहे: नव्या शेडसाठी बसबार – तांबं की ॲल्युमिनियम, ८०० अँपिअर की १६००?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण आकडे दिल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

वर्कशॉपची नवी शेड उभी राहतेय. वीज न्यायला बसबार टाकायचा विचार आहे, म्हणजे लांब पेटीत बंद धातूच्या पट्ट्या, ज्यांवरून हवं तिथे फाटा काढता येतो. ६० मीटर लांब, वर पत्रा, पॅनेल एका टोकाला. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, सेकंडरी ४३३ व्होल्ट, इम्पीडन्स ५ टक्के. म्हणजे फुल लोडला १३३३ अँपिअर आणि शॉर्ट झालं तर २७ केएच्या (किलोअँपिअर) आसपास. मशीन ३४, जोडलेला लोड ६२० किलोवॅट, पण सगळी एकदम कधीच चालत नाहीत. जुन्या शेडचं रीडिंग बघता एका वेळी ४०० च्या वर जाईल असं वाटत नाही. खरी कटकट वेगळीच आहे: मशीन एका जागी राहत नाहीत. लेआउट बदलला की नवी केबल ओढा, ट्रे वाढवा, आणि जुनी केबल तिथेच लोंबकळत राहते.

तीन कॉन्ट्रॅक्टर, तीन मतं. पहिला म्हणतो बसबारच्या नादी लागू नका, ३.५ कोर ३०० स्क्वेअर एमएमच्या ॲल्युमिनियम केबल ट्रेवरून नेऊ, मध्ये चार डीबी (वीज वाटायच्या पेट्या) देऊ. दुसरा १६०० अँपिअरचा ॲल्युमिनियम सँडविच बसबार सांगतो. तिसऱ्याला तांब्याशिवाय काही दिसतच नाही.

ॲल्युमिनियमची मला धास्ती आहे, आणि ती उगाच नाही. जुन्या शेडच्या पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तांब्याचं लग (केबलच्या टोकाला बसवतात तो तुकडा) थेट आवळलं होतं. टिनचा मुलामा नाही, बायमेटल (दोन धातूंचा) वॉशर नाही. दोनेक वर्षं काही कळलं नाही. मग एका दुपारी जळक्या रबराचा वास. शटडाउन घेऊन पॅनेल उघडलं तर लाल स्लीव्ह टोकाला काळी पडून आखडलेली, लगवर जांभळट झाक, आणि बोल्ट चक्क हाताने फिरला. पाना लागलाच नाही. लग काढल्यावर खाली पांढरी भुकटी.

तर विचारायचं असं: ॲल्युमिनियम टाळावंच का? आणि १६०० खरंच लागतो का?

प्रतिसाद १

दादा, तुमची पट्टी धातूने नाही, जोडाने खाल्ली. तांबं-ॲल्युमिनियम थेट भिडवलं आणि ओल लागली की गंज येणारच. वर ॲल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं, गार झालं की आकसतं, त्यात बोल्ट सैल पडतो. कारखान्यात बनलेल्या बसबारमध्ये जोडाच्या आणि टॅप-ऑफच्या (मशीनला फाटा काढायच्या) जागी टिन किंवा चांदीचा मुलामा असतो. तो आहे का, हे कोटेशनमध्ये लिहून मागा.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के धरा. म्हणजे त्याच रोधाला सेक्शन (पट्टीचा आडवा छेद) १.६ पट लागतं, तरी वजन निम्मंच भरतं. तुमच्या ट्रसला ते सोसेल. जागेची मारामार असेल तर तांबं. ६० मीटरच्या शेडमध्ये ती कुठून असणार?

जोडाला दोन डोक्यांचा बोल्ट येतो: बाहेरचं डोकं ठरलेल्या टॉर्कला तुटून पडतं. तुटलेली डोकी मोजून घ्या. गंमत नाही करत, आमच्याकडे दोन कमी निघाली होती!

प्रतिसाद २

१६०० हा आकडा ट्रान्सफॉर्मर बघून काढलाय, शेड बघून नाही. ट्रान्सफॉर्मर ते पॅनेल ठीक. पण शेडमध्ये ४०० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर ६२० अँपिअरच्या आत बसतंय. ८०० चा रन (बसबारची लाइन) आणि त्याच्यामागे ८०० चा ब्रेकर पुरतो. व्होल्टेज ड्रॉप काढताना सगळा लोड टोकाला धरू नका. मशीन सारख्या अंतरावर पसरली असतील तर ड्रॉप निम्म्यावर येतो.

फक्त एक फसगत सांभाळा. रेटिंग उतरलं म्हणून फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झाल्यावरचा करंट) उतरत नाही, आणि लहान बसबारची शॉर्ट सर्किट सोसायची ताकद बहुधा कमी असते. एक सेकंदाला किमान ३० केए मागा. २७ केएचा पीक २.१ पट धरला की ५७ केएच्या घरात जातो, सपोर्ट मोडतात ते या धक्क्याने. टॅप-ऑफ बॉक्समधल्या एमसीसीबीलाही (ब्रेकरलाही) हाच नियम. पॅनेलजवळच्या बॉक्समध्ये १० केएचा एमसीसीबी बघितलाय मी.

टेस्ट रिपोर्ट आयईसी ६१४३९-६ (बसबारचं मानक) चा, आणि त्याच रेटिंगचा. ६० मीटर ॲल्युमिनियम ५० अंशांनी तापलं तर जवळजवळ ७ सेंटिमीटर वाढतं, तेव्हा एक्स्पान्शन युनिट कुठे येणार ते ड्रॉइंगवर दाखवायला लावा. न्यूट्रल पूर्ण सेक्शनचा. कूलंटची वाफ असेल तर आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारं) आवरण, आणि रिकाम्या टॅप-ऑफ खिडक्यांची झाकणं जागेवर.

केबलवाल्याचं म्हणाल तर मशीन हलत नसती तर मी त्याच्याच बाजूने बोललो असतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल दुपारी शिडी लावून पत्र्याखाली थर्मामीटर टांगला, ४६ अंश. बसबारचं रेटिंग २४ तासांच्या सरासरी ३५ अंशांना असतं असं कॅटलॉगमध्ये वाचलं, म्हणजे ८०० चे पूर्ण ८०० मिळणार नाहीत. रन दोन मीटर खाली घ्यायचा विचार आहे, क्रेन आड येत नाही.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला मुलामा आणि केए विचारले. मुलाम्याचं उत्तर लगेच आलं, केएचं "मागवतो" म्हणाला. पहिल्याने फोन उचलला नाही.

आता अडलंय ते इथे: सरळ १००० चा घ्यावा, की आत्ता ८०० टाकून पुढे लोड वाढला तर शेडच्या दुसऱ्या बाजूने वेगळा रन न्यावा? हा दुसरा पर्याय कुणी प्रत्यक्ष केला असेल तर सांगा, पॅनेलमध्ये एक ब्रेकरची जागा आत्ताच रिकामी सोडता येईल.