एंडेव्हरमध्ये आईच्या झोपण्याची सोय : मागच्या स्प्रिंगा आणि दुसरी बॅटरी यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१७ची फोर्ड एंडेव्हर आहे. ३.२ लिटर, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. सेकंडहँड घेतली त्याला तीन वर्षं झाली. येत्या सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलंय. मी, बायको, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि आई.

आई ६९ वर्षांची आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, मुलांच्या सहली घेऊन अजिंठ्याला कितीदा गेली याची गणती नाही. स्पितीतला ताबोचा बौद्ध मठ इ.स. ९९६चा. आतल्या भित्तिचित्रांमुळे त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. ते तिला डोळ्यांनी बघायचंय. ‘तुम्ही तंबूत आणि मी हॉटेलात, असं नको,’ हे तिने आधीच सांगितलंय. म्हणून गाडीत जे काही करतोय ते तिच्या झोपेपासून सुरू होतं.

टपावरच्या तंबूचा विचार सोडून दिला. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय आणि रात्री दोनदा उठावं लागतं, शिडीवरून ते जमणार नाही. शिवाय त्या तंबूचंच वजन साठ-सत्तर किलो, तेही टपावर. वाटेतल्या किन्नौरच्या अरुंद, एका अंगाला कललेल्या रस्त्यांवर ते नको वाटलं. त्यामुळे आई आणि मुलगी गाडीत, आम्ही तिघं शेजारी जमिनीवरच्या तंबूत.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच आलेत.

सीटांची तिसरी रांग काढलेली नाही, फक्त पाडून ठेवलीय. आरसीवर सात सीट आहेत आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची भानगड मला नको. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे लोखंडी गार्ड लावायचा सल्लाही मिळाला होता; त्यावर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, तो विषय तिथेच संपला.

पाडलेल्या रांगेवर फळीचा पलंग केला. सुताराने आधी १८ मिलीमीटरचं प्लाय सुचवलं. पण आठ बाय चारचं तसं एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरतं, म्हणून खाली ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट आणि वर १२ मिलीमीटर असं केलं. बॉडीला एकही भोक पाडलेलं नाही, सगळं डिकीतल्या मूळ हुकांना बांधलंय. दुसऱ्या रांगेच्या मागे ११२ सेंटिमीटर जागा मिळते. रात्री ती रांग पाडून बिजागरीची फळी पुढे उघडली की १८० होतात. आईला पुरतात.

सगळ्यात जास्त वेळ उंचीत गेला. खाली खोल ड्रॉवर हवेत म्हणून पलंग आधी ३० सेंटिमीटर उंच केला होता. आई त्यावर बसली आणि तिची मान छताला लागून वाकली. बसता आलं नाही तर माणूस स्वेटर कसा घालणार, गोळ्या कशा घेणार, केस कसे विंचरणार? सगळं सोडवून १८ सेंटिमीटरवर आणलं. ड्रॉवर उथळ झाले, कुकर आता वेगळ्या पेटीत जातो. पण आई ताठ बसते. कुणी असा पलंग करत असेल तर आधी झोपून नाही, बसून माप घ्या.

जानेवारीत भंडारदऱ्याला एक रात्र काढून पाहिली. आई शांत झोपली, पण पहाटे मला हाक मारून म्हणाली, ‘आत पाऊस पडतोय का रे?’ टॉर्च लावून पाहिलं तर काचांवरून ओघळ येत होते आणि छताच्या कापडावर दवासारखे थेंब. काचा पूर्ण बंद ठेवल्या होत्या, दोन माणसांच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? आता मागच्या दोन्ही दारांना जाळीची झूल शिवून घेतलीय, काच दोन बोटं उघडी राहते.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. फ्रिजसाठी एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर ओढून घेतली होती. परतीच्या वाटेवर घाटात जळका वास आला. थांबून पाहिलं तर वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या) पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन सोललं होतं आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. डिकीकडच्या टोकाला होता, पण मधल्या वायरला त्याचा काय उपयोग? आई आणि मुलगी जिथे झोपतात त्याच्याखालून ती वायर जात होती. घरी येताच उपटून काढली.

आता प्रश्न.

पहिला स्प्रिंगांचा. पाच माणसं, पलंग, फ्रिज, ४० लिटर पाणी, तंबू असं सगळं भरल्यावर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं माप मागे साडेचार सेंटिमीटरने कमी होतं. मागे कॉइल स्प्रिंग आहेत. जास्त वजनाच्या स्प्रिंगा टाकाव्यात, की आहेत त्यांच्या आत हवेच्या पिशव्या बसवाव्यात? वर्षातले अकरा महिने गाडी शहरात रिकामी फिरते. कडक स्प्रिंगांनी आईच्या पाठीला रोज दणके बसायला नकोत. पिशव्या कुणी खराब रस्त्यावर वापरल्यात का? फाटल्या तर वाटेत काय करता येतं?

दुसरा बॅटरीचा. फ्रिजसाठी वेगळी, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि गाडी चालू असताना ती चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर घेतोय. फ्रिजचा दिवसाचा खर्च ३० ते ४० अँपिअर-अवर धरलाय. इंजिनाजवळच्या उष्णतेत ती ठेवायची नाही हे कळतं. पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते, आणि स्पितीतल्या काझाला पहाटे तापमान तितकं उतरू शकतं. बॅटरी पलंगाखाली, गाडीच्या उबेत ठेवणं पुरतं का, की कमी तापमानाला चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरीच घ्यावी? आणि पुण्यात वायरिंग नीट करणारा, दोन्ही टोकांना फ्यूज टाकणारा ऑटो इलेक्ट्रिशियन कुणाच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

तिसरा उबेचा. डिझेलवर चालणारा छोटा हीटर सुचवला गेलाय. झोपलेल्या माणसांच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडची भीती मला वाटते. आईचं म्हणणं आहे की तिच्या दोन गोधड्या आणि गरम पाण्याची पिशवी पुरे. ज्यांनी तिकडे गाडीत रात्री काढल्यात त्यांनी सांगा, पुरतात का?

स्वयंपाकाचं ठरलंय. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास गॅस देईनासा होतो, म्हणून प्रोपेन मिसळलेला घेतोय. काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळीसाठी कुकर येतोच येतो. शेगडी गाडीबाहेरच पेटणार.

भर, दोन दिवसांनी : सगळ्यांचे आभार. एवढ्या उंचावर आईला त्रास होईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. डॉक्टरांना दाखवून झालंय. मनालीकडून न चढता शिमला, रामपूर, कल्पा असं मुक्काम करत जाणार, म्हणजे उंची हळूहळू वाढेल. काझाला तिला जड गेलं तर ताबोला खाली येऊन तिथेच राहायचं, हे आधीच ठरलंय. बॅटरी कमी तापमानाला चार्जिंग तोडणारीच घेतोय, तो प्रश्न सुटला. स्प्रिंगांवर मात्र दोघांची मतं अगदी उलट आलीत. पुढच्या महिन्यात पूर्ण सामान भरून पुन्हा भंडारदऱ्याला जातोय. त्याआधी, हवेच्या पिशव्या स्वतः वापरलेल्या कुणी लिहिलं तर फार मदत होईल.