गळ्यातली पाटी संहितेत सापडत नाही

स्थलांतर आणि सीमेवरच्या स्पॅनिश नाटकांवर पीएच.डी. करताना छापील संहिता पुरतात, असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या डेलानोत द्राक्षमळ्यांचा संप चालू असताना नाटककार लुईस वाल्देस यांनी 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांचं थिएटर, उभं केलं. नट म्हणजे मळ्यातलेच मजूर, रंगमंच म्हणजे ट्रकचा उघडा हौदा. गळ्यात पाटी अडकवली की एक झाला संपकरी, दुसरा 'एस्किरोल', म्हणजे संपफोड्या. मालकाला डुकराचा मुखवटा. संवाद स्पॅनिश-इंग्रजी मिसळून, बरेचसे जागच्या जागी सुचलेले. रोज ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याचीच नक्कल मजूर करतोय आणि समोरचे मजूर हसताहेत, हे कागदावर कसं उतरणार? फोटो आणि मुलाखतींना प्रबंधात संहितेइतकीच जागा द्या, ही कळकळीची विनंती.