मतदान न करणाऱ्या मंडळात शाळेच्या पैशाचा निर्णय कसा घ्यायचा?

कृष्णाकाठ

मूळची सांगलीची, सोळा वर्षं उत्तर इंग्लंडात. मुलगी इथल्या एका क्वेकर (शांत बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) शाळेत आहे. हिशेबाची माणूस म्हणून दोन वर्षांपूर्वी मला गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाची सदस्य, करून घेतलं. (आम्ही क्वेकर नाही, घरी गणपती बसतो. त्यांना त्याचं काही नाही.) शाळेचं नाव विचारू नका.

मुख्याध्यापक बाई जुलैत सोडून जाताहेत. अकरा वर्षं होत्या. त्यांचं पत्र आलं त्याच आठवड्यात सप्टेंबरचा पट हातात आला, गेल्या वर्षीपेक्षा 23 मुलं कमी. मुलामागे 15 हजार पौंड धरले तरी 3 लाख 45 हजारांचा खड्डा.

त्यात 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट. सगळा पालकांवर टाकला असता तर 15 हजारांचे 18 हजार झाले असते. आम्ही मूळ फी 5 टक्क्यांनी उतरवली, तरी 17,100. त्याआधी एप्रिल 2024 मध्ये शिक्षकांच्या पेन्शनमधला मालकाचा वाटा 23.68 वरून 28.68 टक्क्यांवर गेलेला. एप्रिल 2025 मध्ये नॅशनल इन्शुरन्स (पगारावर मालकाने सरकारला भरायचा हप्ता) वाढला. 40 हजार पगाराच्या एका माणसामागे वर्षाला 986 पौंड जादा, स्वतः मांडून बघितलंय. त्याच महिन्यात धर्मादाय म्हणून मिळणारी स्थानिक करातली 80 टक्के सूटही गेली. खरेदीवरचा व्हॅट आता परत मिळतो, पण शाळेचा मोठा खर्च पगाराचा, आणि पगारावर कुठला आलाय व्हॅट?

हे सगळं तरी निस्तरता येईल. घोडं अडलंय दुसरीकडेच. क्वेकर मंडळात मतदान नसतं. बैठक शांततेने सुरू होते. बोलून झालं की क्लार्क (आपला कारकून नव्हे, हाच अध्यक्ष नि हाच चिटणीस) सभेचा कल काय दिसतो ते तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. सगळ्यांनी हो म्हटलं तरच ठराव. नोव्हेंबरात वसतिगृह बंद करायचं का, यावर अडीच तास बसलो. इतिवृत्तात शेवटी काय आलं? "हा विषय आम्ही मनात धरून राहू." परतताना गाडीत मला रडू फुटलं. मनात धरून पगार होत नाहीत हो.

वसतिगृहाचं आधी ठरवावं, की नव्या मुख्याध्यापकावर सोडावं? कुणाला अनुभव आहे का?

तात्या_वाळवा

आमच्या संस्थेत मुख्याध्यापक शोधावा लागत नाही. 1981 ची नियमावली उघडायची, सेवाज्येष्ठता बघायची, झालं. 30 सप्टेंबरचा पट आणि संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) म्हटली की आमच्याही पोटात गोळा येतो, पण शिक्षकांचे पगार सरकार देतं. मतदान नाही म्हणजे शेवटी एकाच माणसाचं चालत असणार. आमच्याकडे हात वर करतात आणि तरी एकाचंच चालतं, ते सोडा.

सेवाग्राम_रोड

अवांतर: वर्ध्याकडच्यांना क्वेकर अगदीच परके नाहीत. मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या आणि सेवाग्रामात नई तालीमचे शिक्षक तयार करायच्या. चालू द्या.

फिलीचा_पेठकर

ताई, मी पेनसिल्व्हेनियातल्या एका फ्रेंड्स (म्हणजे क्वेकरच) शाळेच्या कमिटीवर सात वर्षं होतो. त्यातली दोन हंगामी मुख्याध्यापकावर काढली. इकडचा कायदा वेगळा, व्हॅटचं लचांड नाही, शांतता मात्र तीच.

तात्या, एकाचं चालत नाही. उलट एकटा माणूस सगळं अडवून धरेल अशी भीती असते, आणि तीही तितकीशी खरी नाही. पटत नसेल तर "मी बाजूला होतो" असं म्हणता येतं, तशी नोंद होते आणि ठराव पुढे जातो. निर्णय आवडला नाही, पण आड येणार नाही, इतकंच.

नोव्हेंबरात तुमचं बिनसलं ते शांततेमुळे, असं मला वाटत नाही. लोकांनी आकडे पहिल्यांदा त्या संध्याकाळी पाहिले असणार, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी निर्णय मागितलात. यासाठी क्वेकरांकडे जुनी सोय आहे, थ्रेशिंग मीटिंग. आपली मळणीच! त्या बैठकीत ठराव करायचाच नाही, नुसती कणसं झोडपायची. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, खजिनदाराची चिडचिड, "आमच्या वेळी असं नव्हतं", सगळं खळ्यावर येऊ द्यायचं. उफणणी नंतर. आम्ही ती एका शनिवारी घेतली, तीन तास, डबे घेऊन. दहा दिवसांनी ठराव चाळीस मिनिटांत झाला. त्या शनिवारी जे रडले, ते ठरावाच्या दिवशी सगळ्यात शांत होते.

आणि आकडा ठरावातच घाला. "पट चिंताजनक आहे" म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि चहाला उठतात. अमुक तारखेला निवासी मुलं अमुकपेक्षा कमी असली तर वसतिगृह पुढच्या वर्षी उघडायचं नाही, हे डोकं थंड असतानाच लिहून ठेवा. ती तारीख आल्यावर कुणाचंच डोकं थंड नसतं.

वसतिगृहाचं आधी ठरवा. नव्या माणसाच्या हातून पहिल्याच वर्षी बंद करवलंत, तर तो जाईपर्यंत "वसतिगृह बंद करणारा" म्हणूनच राहील. जाणाऱ्या बाईंना माहिती विचारा, मत विचारू नका. त्यांनी अकरा वर्षं जपलेलं आहे ते. उमेदवारांना खरा ताळेबंद दाखवा. आमच्याकडे एकाने तो बघून अर्ज मागे घेतला. तेव्हा झोंबलं, आता वाटतं सुटलो.

जुन्या शाळेला काही होत नाही हा समजही डोक्यातून काढा. तुमच्याच देशातली सॅफ्रन वॉल्डनची फ्रेंड्स शाळा, 1702 ची, 2017 मध्ये बंद झाली. वर्षभर आधी नाव बदलूनही पाहिलं होतं. ग्रेट एटनची 1997 मध्येच गेली.

लीड्सची_मास्तरीण

गव्हर्नरांच्या धाग्यावर शिक्षिकेचं नाक खुपसते. 90 दिवसांत 20 किंवा जास्त नोकऱ्या जाणार असतील तर इथे किमान 30 दिवस सल्लामसलत कायद्यानेच करावी लागते. पण पाचच जाणार असतील तरी आधी सांगा. माझ्या आधीच्या शाळेत (क्वेकर नव्हती) आम्हाला बातमी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळली.

आणि ताई, वसतिगृहाच्या मेट्रन राहतात कुठे? शाळेच्याच घरात ना? नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही जाईल. तुमच्या तक्त्यात ते कुठल्या रकान्यात आहे?

कृष्णाकाठ

@मास्तरीण, कुठल्याच रकान्यात नव्हतं. मेट्रन म्हणजे मी फक्त पगाराचा आकडा धरला होता. लाज वाटली.

@पेठकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आकडे मी त्याच दिवशी दुपारी चार वाजता मेल केले होते, बैठक सहाची. वर मीच चिडले! पण एक भीती खरी आहे. आम्ही गव्हर्नर कायद्याने विश्वस्त, शिवाय शाळा कंपनी म्हणून नोंदलेली. बुडणार हे दिसत असताना चालू ठेवली तर ते आमच्या अंगावर येऊ शकतं. एकाने सुचवलं, मृत्युपत्रांतून आलेला निधी मोडू या. तो शिष्यवृत्त्यांसाठी बांधलेला आहे, पगाराला हात लावता येत नाही. हे समजावण्यात माझे दोन रविवार गेले.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)

मळणी झाली. मी एकाच पानावर आकडे दिले, आठ दिवस आधी. ऐंशी ओलांडलेले एक माजी विद्यार्थी पाऊण तास वसतिगृहातल्या थंडीवर बोलले. मला वाटलं, संपलं. पण नंतर ते पान त्यांनीच घडी घालून खिशात ठेवलं.

काल ठरावाची बैठक होती. क्लार्कने लिहून वाचलं: ईस्टरच्या सुट्टीआधी पुढच्या वर्षासाठी निवासी मुलं 30 च्या आसपास न भरल्यास वसतिगृह जुलैत बंद होईल. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेच आजोबा म्हणाले, "'आसपास' काढा."

काढला. एक जण बाजूला राहिले, तशी नोंद झाली. मेट्रनना वर्षभर घर राहील, हा वेगळा ठराव. शिक्षकांना आज सकाळी सांगितलं. मुख्याध्यापकपदाची जाहिरात सोमवारी जाते, ताळेबंद मागेल त्याला मीच पाठवणार आहे.