खडकीची वॉर सिमेटरी: कबर शोधायची कशी, लेख वाचायचा कसा?

मुळाकाठ: दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या एका ब्रिटिश सैनिकाचे नातेवाईक पुण्यात येताहेत, त्यांना खडकीला न्यायचंय. हाती फक्त नाव आणि पलटण आहे. कबर कशी सापडेल? फोटोत अक्षरं नीट यावीत म्हणून दगड पुसला तर चालेल का? वेळ उरला तर सोलापूर रोडवरची जुनी ब्रिटिश दफनभूमीही बघू म्हणतोय.

छावणीकर: शोध घरीच उरकून निघा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (राष्ट्रकुल देशांच्या युद्धात वारलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर आडनाव, आद्याक्षर आणि युद्ध भरा. गावाचं नाव तिथे 'किर्की' असं जुन्या पद्धतीने आहे. स्मिथ, जोन्ससारखं आडनाव असेल तर ढीगभर नावं येतील. तेव्हा पलटण आणि मृत्यूची तारीख ताडून पाहा. नोंदीत '७. सी. १२' अशा धर्तीचा क्रमांक असतो: आधी भाग, मग ओळ, मग कबर. तो लिहून न्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, नुसतं फिरून नाव सापडायचं नाही.

नोंदीत 'सिमेटरी' आहे की 'मेमोरियल', हे मात्र नीट बघा. 'किर्की १९१४-१९१८ मेमोरियल' असेल तर कबर तिथे नाहीच. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त जणांच्या कबरी भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांमधून विखुरलेल्या आहेत. त्यांची देखभाल शक्य नव्हती, म्हणून नावं खडकीत कोरली. लांबून आलेल्या माणसाला हे आधीच सांगायला हवं.

पूलगेट: रिक्षावाल्याला 'वॉर मेमोरियल' म्हणू नका, तो थेट कॅम्पात सदर्न कमांडच्या स्मारकाला नेईल. 'खडकी, मुळा रोड, वॉर सिमेटरी' असं सांगा.

शिळावाचक: दगड पुसायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही. खडू, पीठ, शेव्हिंग फोम लावून अक्षरं उठवायचे सल्ले नेटवर मिळतात. ते सगळं दगडाच्या छिद्रांत बसतं आणि पावसाळ्यात तिथेच शेवाळ धरतं. लिंबू किंवा व्हिनेगर तर संगमरवर खातंच.

अक्षरं उजेडाने वाचायची. एकाने छत्री धरून दगडावर सावली करावी, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा मारावा. खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली पडते आणि पुसट नावही उठून दिसतं. फोटो समोरून, फ्लॅश बंद ठेवून. तळाशी एखादी ओळ असेल तर ती कुटुंबाने निवडलेली असते, ती फोटोतून कापू नका.

जुन्या ब्रिटिश कबरींवर बऱ्याचदा संगमरवरात शिशाची अक्षरं ठोकलेली असतात. अक्षर गळून पडलं तरी ते अडकवायची बारीक भोकं राहतात. भोकांची मांडणी कागदावर उतरवून घ्या, शेजारच्या शाबूत अक्षरांच्या भोकांशी जुळवा. बरीच नावं अशी लागतात.

छावणीकर: सोलापूर रोडला आत शिरण्याआधी रखवालदाराला विचारा. कुणाचा दफनविधी चालू असेल तर फोटो नकोत, त्या बाजूला फिरकूही नका. पावसाळ्यात आणि त्यानंतरही महिनाभर गवत गुडघाभर असतं, खाली साप आणि खचलेल्या कबरींचे खड्डे. बंद बूट घाला, पाऊल टाकण्याआधी काठीने चाचपा आणि आडव्या शिळेवर चढू नका, खालून पोकळ असू शकते.

मुळाकाठ: नोंद सापडली. 'सिमेटरी'च आहे, क्रमांकासकट. छत्री आणि दोन टॉर्च घेतोय.