डांबराच्या गोळीचं काय?
नेहमी म्हणतात की ऑर्गॅनिक (कार्बनी) पदार्थात चार्ज, म्हणजे विद्युतभार, एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतच जातो, म्हणून तापवलं की वहन सुधारतं. पॉलिमरच्या (लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंच्या) फिल्मला हे लागू आहे, तिथे सगळा गुंताच असतो. पण कपाटात टाकतो ती डांबराची गोळी, म्हणजे नॅप्थलीन, घ्या की. १९८५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या वार्टा आणि कार्ल या संशोधकांनी त्याचे अतिशुद्ध क्रिस्टल गार करत नेले, एका बाजूवर प्रकाशाचा झटका द्यायचा आणि चार्ज पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं, तर होलची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेची, जी धन चार्जसारखी वागते) मोबिलिटी, म्हणजे ठरावीक विद्युतक्षेत्रात ती किती वेगाने सरकते ते, रूम टेंपरेचरला जेमतेम १ च्या आसपास आणि १० केल्विनजवळ (सुमारे उणे २६३ अंश सेल्सियस) चक्क ४०० (सेमी वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद)! म्हणजे थंडीत वाढली, एकदम उलटं. अर्थात जराशी भेसळ असली तरी चार्ज त्या भेसळीच्या ट्रॅपमध्ये (सापळ्यात) अडकून बसतो, त्यामुळे दुकानातल्या गोळीवर करायला जाऊ नका :)